आकाराम पुस्तकात नाही

मी ब्लाऊज शिवते. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण गेल्या मार्चमध्ये आमच्या वाचनालयात जे घडलं, त्यानंतर भाऊसोंनी भर बैठकीत माझा उल्लेख 'लेखिका' असा केला, आणि तोही अशा सुरात की नव्यानं ऐकणाऱ्याला वाटावं, बाईनं कुणाची तरी कोंबडी उचलली.

आमचं गाव कराडपासून अकरा किलोमीटरवर, उसाच्या मधोमध. ग्रामपंचायतीच्या माडीवर वाचनालय आहे आणि त्याला चिकटून एक खोली. तिला महिला विभाग म्हणतात. तिथं नूरीन ग्रंथपाल. रीतसर शिकून आलेली पोरगी. पुस्तकाला खाकी कागद घालताना कोपरे असे दुमडते की मला माझ्या तीस वर्षांच्या शिवणाची लाज वाटावी. वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसो. त्यांनी जानेवारीत ठराव मांडला आणि घाईघाईत अनुमोदनही स्वतःच दिलं: एकतीस मार्चपर्यंत महिला विभागाला पन्नास सभासद झाल्या तर विभाग राहील, नाहीतर खोली दूध संस्थेला, फॅट मोजायचं यंत्र ठेवायला. खोली गेली की नूरीनचं कामही गेलं. मोठं वाचनालय भाऊसोंचे मेहुणे बघतात आणि ते तिथून उठण्याचा प्रश्न नव्हता, कारण बहुतेक वेळ ते तिथं झोपलेले असतात.

तेव्हा सभासद होत्या नऊ. त्यात एक मी, एक नूरीनची आई, एक बदली होऊन गेलेल्या मास्तरीणबाई आणि एक वारलेली. वारलेल्या बाईंचं नाव नूरीननं प्रामाणिकपणे कमी केलं. आठ.

"मावशी, एखादं खूप गाजलेलं पुस्तक आणू या का? त्याच्या ओढीनं तरी बायका येतील," नूरीन म्हणाली.

मी माझ्या लेकीला, क्रांतीला, पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "आई, 'तुझ्या मानेवरचं चांदणं' मागव. इकडं सगळ्या वेड्या झाल्यात. मी तीनदा रडले."

क्रांती दहावीला गणितात काठावर आली तेव्हाही रडली नव्हती. म्हणून मी विश्वास ठेवला.

पुस्तक आलं. जाडजूड. मुखपृष्ठावर एक गोरी मान, मानेवर चंद्र, मागं धुकं, आणि धुक्यात एक माणूस शर्टाची वरची चार बटणं न लावता उभा. चारही काजं मला नीट दिसत होती, म्हणजे बटणं लावता आली असती. खाली लिहिलेलं: 'हे वाचल्यावर तुम्ही पूर्वीच्या राहणार नाही.' नूरीननं फळ्यावर पुस्तकाचं नाव रंगीत खडूनं लिहिलं आणि पहिलं वाचायला मला दिलं.

मलाच का, तर आमच्याकडं एक रीत पडलीय. मी काही वाचलं की ते सांगायचं. माप द्यायला आलेली बाई, हुक लावून न्यायला थांबलेली बाई, फॉल टाचून होईपर्यंत पाय पसरून बसलेली बाई, सगळ्या विचारतात, "काय वाचलंस? सांग की." सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं सगळं मी पुड्याच्या कागदांपासून वाचत आले, पण वाचून गप्प बसायची चैन मला कधी मिळाली नाही. हळदीकुंकवाला जाऊन वाण घ्यायचं आणि आपल्या घरी कुणाला बोलवायचं नाही, त्यातला तो प्रकार होईल.

तेव्हा चार दुपारी मी मशीन बंद ठेवून वाचलं. खरं सांगते, मला भ्यायचं होतं. रडायचंही होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला घाबरवायला फारसं कुणी येत नाही. आमचे मालक लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आले, ते मोठ्यानं बोलतात, पण ते दुधावर साय नाही म्हणूनही तेवढ्याच मोठ्यानं बोलतात. त्यामुळं एखाद्या अमर, रक्तपिपासू माणसानं पडद्याआडून आपल्याकडं बघावं, आपल्या छातीत धस्स व्हावं, अशी माझी अपेक्षा होती. फार मागत नव्हते.

नायकाचं नाव रेयांश. वय वर्षं तीनशे. इथंच मला पहिला खडा लागला. तीनशे वर्षांपूर्वी रेयांश नाव कुणी ठेवलं असेल? बारशाला आत्यानं हे नाव कानात सांगितलं असतं तर आत्याला माहेरपण बंद झालं असतं. हा रेयांश थंड हवेच्या डोंगरावर एका बंगल्यात राहतो. त्याचे डोळे जांभळे. ते दर चार पानांनी जांभळे होतात, म्हणजे आपण विसरू नये म्हणून. रेवा नावाची मुलगी बंगल्याच्या दुरुस्तीचा नकाशा काढायला येते. हा तिला बाराव्या पानावर सांगतो, "माझ्यापासून दूर राहा." आणि मग चारशे पानं तिच्या मागं मागं फिरतो. ती चढाला लागली की हा तिथं उभा. ती चहा घेते तर हा खिडकीत उभा. तीनशे वर्षं जगलेला माणूस, किती दुष्काळ पाहिले असतील, किती माणसं स्वतःच्या हातांनी पोचवली असतील, त्याच्याकडं सांगण्यासारखं काही असेल की नाही? तर नाही. हा उभा. एवढा वेळ आमच्या गावात कुणी उभं राहिलं असतं तर त्याला तिकीट देऊन निवडणुकीला तरी उभं केलं असतं.

मी क्रांतीला फोन केला.

"अगं, तो काम काय करतो?"

"आई, तो अमर आहे."

"ते कळलं. दिवसभर काय करतो?"

"तू त्याच्या प्रेमाकडं बघ ना."

"बघितलं. त्याला आई नाही का?"

मग ती म्हणाली, "तू असल्या पुस्तकाकडं फॉल-पिकोच्या नजरेनं बघू नकोस." मला ते लागलं. पण ब्याऐंशी पानं राहिली होती, तीही वाचली. वाचून झाल्यावर मी पूर्वीचीच राहिले होते. फक्त चार दुपारी गेल्या होत्या आणि पाच ब्लाऊज तुंबले होते.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण पुढं ती अंगाशी आली. मधे पान एकशे शहात्तरनंतर एकदम एकशे त्र्याण्णव होतं. मी बोटानं शिवण दाबून बघितली. सोळा पानांचा एक फर्माच बांधणीत शिवायचा राहिला होता. एकशे शहात्तरवर रेयांश खिडकीत उभा होता. एकशे त्र्याण्णववरही खिडकीतच होता. गोष्टीला काहीही झालेलं नव्हतं. मी पुढं वाचत गेले आणि विसरले.

आता सांगायचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंगुबाई ठिगळ लावायचा ब्लाऊज घेऊन आल्या. सत्तरी पार केलेली बाई, माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडं. वाचता येत नाही, पण गोष्टीतली खोट लगेच पकडतात. भिंतीला टेकून म्हणाल्या, "व्हय दिपे, त्या मानंच्या पुस्तकात काय हाय?"

खरं सांगितलं असतं तर रंगुबाईंनी संध्याकाळपर्यंत ते नळावर पोचवलं असतं, आणि नूरीनच्या फळ्यावरचा रंगीत खडू वाया गेला असता. मी फॉल हातात घेतला आणि म्हटलं, "एक माणूस असतो, तीनशे वर्षांचा. रेयांश."

"काय?"

"रेयांश."

"आसं नाव आसतंय व्हय? माणसाचं नाव सांग."

"आकाराम," मी म्हटलं.

रंगुबाई नीट बसल्या.

आता आकाराम मरत का नाही, हे सांगायला पाहिजे. पुस्तकात शाप होता, पण तो कुणी दिला आणि कशासाठी, हे लेखकालाही आठवत नसावं. मी म्हटलं, दुष्काळाचं साल होतं. आकाराम मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता. तेवढ्यात त्याचं मरण त्याला न्यायला घरी आलं. बघितलं तर दाराला कडी. मरण दोन दिवस ओट्यावर बसलं, मग पुढच्या गावाला निघून गेलं, आणि त्याच्या वहीत ह्याचं नाव 'घरी नाही' असं राहिलं ते राहिलंच.

"बराबर हाय," रंगुबाई म्हणाल्या. "आमच्याकडं सगळं कोकणातच जायाचं. पन एकला कसा गेला? भाकरी कुणी घातल्या?"

हा प्रश्न चारशे पानांत कुणाला पडला नव्हता. मी म्हटलं, "आई होती की संगं."

आणि तिथं माझं मलाच कळलं की आई संगं होती म्हणजे आईही घरी नव्हती. म्हणजे आईही मेली नाही. म्हणजे रेवा ह्या माणसाशी लग्न करणार, तर तिला सासू मिळणार तीनशे वर्षांची, आणि ती कधीच मरणार नाही.

रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. हुक लावून घ्यायला आलेली त्यांची सून अंजना दारात उभी होती, तिच्या अंगावर खरोखर काटा आलेला मी पाहिला. चारशे पानांत जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. मला काय वाटलं म्हणून सांगू. मशीनवर बसून तीस वर्षांत असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी थांबायला पाहिजे होतं. पण रोज बायका येत होत्या. ज्यांचे ब्लाऊज धड होते त्या उसवून आणत होत्या. सासूनं तीनशे वर्षांत चौऱ्याऐंशी मुली नापसंत केल्या. रेवाला बघायला बोलावून तिच्यापुढं बाजरी निवडायला ठेवली. आकाराम रात्रीचा हिंडतो, कारण दिवसा आई कामं सांगते. आणि प्रत्येक तुकड्यानंतर मी प्रामाणिकपणे म्हणायची, "पुढचं पुस्तकात वाचा. महिला विभागात आहे." मार्चच्या पहिल्या आठवड्यात सभासद झाल्या त्रेपन्न. वाट बघणाऱ्यांची यादी दोन पानं. नूरीन एका दुपारी माझ्यासाठी शिरखुर्मा घेऊन आली, ईद नसताना. भाऊसो माडीवर येऊन गर्दी बघून गेले आणि दूध संस्थेला फोन लावत खाली उतरले.

यादीत पहिलं नाव अंजनाचं. तिनं पुस्तक नेलं आणि सासूला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. पाचव्या दिवशी दोघी माझ्या दारात.

"दिपे," रंगुबाई म्हणाल्या, "पुस्तकात आकारामच न्हाई."

आता हाच क्षण होता. मी म्हणायला पाहिजे होतं, आत्ती, तो मी घातला. तोंड उघडलंही. पण अंजनानं पुस्तक पुढं केलं. "हे बघा मावशी, एकशे शात्तरनंतर एकदम एकशे त्र्याण्णव. मधली पानंच न्हाईत. सगळं त्यातच आसणार. आई, मेंढरं, बाजरी, सगळं."

मी म्हटलं, "व्हय का?"

दोनच शब्द. पण त्या दोन शब्दांनी सोळा पानांत तीनशे वर्षं, एक सासू आणि दीडशे मेंढरं कोंबली.

अंजना सरळ माडीवर गेली आणि तक्रारवहीत लिहून आली: 'पुस्तकातील मुख्य पाने फाडली आहेत.' तक्रारवही गेल्या सहा वर्षांत प्रथमच उघडली होती. आधीची तक्रार पंख्याबद्दल होती. भाऊसोंना तर हवंच होतं. नियमावलीत कलम आहे, पुस्तकाची हानी झाल्यास ग्रंथपाल जबाबदार, आणि हानी मुद्दाम केल्याचं दिसलं तर सेवा बंद. भाऊसोंना ते कलम तोंडपाठ निघालं.

गावात मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं, माहितीच्या अधिकारात पानं मागवा. कुणी म्हणालं, माणकडं एक जाणता आहे, तांदूळ टाकून सांगतो, पानं कुठल्या दिशेला गेली ते. अंजनाची जाऊ म्हणाली की पानं मुद्दाम काढली असणार, कारण त्यात सासवांची बदनामी होती. तिच्या सासूनं, म्हणजे रंगुबाईंनी, तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती पुस्तकात कुठंही नव्हती. आमच्या मालकांनी 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' सुचवली आणि वर म्हणाले, "पहिल्यांदा हे ठरवा, लास्ट ड्यूटी कुणाची होती."

मी हुक लावत होते. हुक बोटात गेलं.

भाऊसोंनी प्रकाशकाला फोन केला. प्रकाशक म्हणाले, तक्रार लेखी पाठवा, पुस्तकाचे फोटो पाठवा, बदली प्रत पाठवतो. लेखी पाठवायचं तर ठराव हवा. ठरावाला गणसंख्या हवी. गणसंख्येतले तिघे एका लग्नाला गेलेले, एक झोपलेले. ह्या सगळ्यात दोन आठवडे गेले आणि ते दोन आठवडे नूरीन रोज येऊन खोली उघडत होती, पुस्तकं पुसत होती, आणि तिच्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं.

एका दुपारी ती माझ्याकडं आली. बसली नाही.

"मावशी, तुम्ही वाचलं तेव्हा पानं होती ना? आठवून सांगा. म्हणजे नंतर कुणी फाडली ते मला शोधता येईल. मी रोज कपाटाला कुलूप लावते."

मी म्हटलं, "असतील बाई. आता काय लक्षात राहतंय."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मी मशीनवर बसले तर टीप सरळ जाईना. कापड चांगलं होतं, दोरा चांगला होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी बदली प्रत आली. भाऊसोंनी पार्सल उघडू दिलं नाही. म्हणाले, पुढं कुणाची तक्रार नको, सर्वांसमक्ष उघडू आणि गहाळ पानांचं जाहीर वाचन करू. ग्रामपंचायतीचा हॉल भरला. बायका सगळ्या पुढं, पदर सारखे करून. पुरुष दाराशी, त्यात आमचे मालक, हाताची घडी घालून. भाऊसोंनी चष्मा लावला, पान एकशे सत्त्याहत्तर काढलं आणि ग्रामसभेत अहवाल वाचतात त्या आवाजात सुरू केलं.

"'रेयांशने तिच्या मानेकडे पाहिले. रेवाने त्याच्या पाहण्याकडे पाहिले. वारा थांबला.'" भाऊसो थांबले. "'तुझ्या मानेवर चांदणं सांडलंय, तो म्हणाला. त्याचे डोळे जांभळे झाले.'"

"मेंढरं कवा येत्यात?" मागून कुणीतरी विचारलं.

"येतील, येतील," भाऊसो म्हणाले आणि पान उलटलं. "'त्याचे थंड ओठ तिच्या...'" इथं त्यांनी घसा साफ केला, पाणी मागितलं, आणि पुढच्या चार ओळी मनात वाचल्या. त्यांचे कान लाल झालेले सगळ्या हॉलनं बघितले. "पुढं तेच हाय," ते म्हणाले.

"मधलं गाळू नगा, भाऊसो," रंगुबाई म्हणाल्या. "गाळल्यामुळंच तर हितवर आलोय."

म्हणून भाऊसोंनी सगळं वाचलं. सोळाच्या सोळा पानं. त्या सोळा पानांत तो तिच्या मानेजवळ जातो, आणि चावत नाही. शेवटी परत खिडकीत जाऊन उभा राहतो. भाऊसोंनी पुस्तक मिटलं आणि रुमालानं मान पुसली.

"आकारामाची आय कुटं हाय?" रंगुबाईंनी विचारलं, पण भाऊसोंना नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांना कळलं होतं. मला वाटतं आधीच थोडं थोडं कळलं असावं.

भाऊसो म्हणाले, "ते काय आसंल ते आसू द्या. पानं व्हती हे सिद्ध झालं. मग जुन्या पुस्तकातली फाडली कुणी? नूरीन, तुमी काय सांगता?"

नूरीन उभी राहिली. तिच्या हातात तिनंच घातलेल्या खाकी कव्हरातलं जुनं पुस्तक होतं. ती बोलायच्या आधी मी उठले.

"पुस्तक इकडं आण," मी म्हटलं. तिनं दिलं. मी ते मधोमध उघडून भाऊसोंपुढं धरलं. "हे बघा. शिवलेलं पान फाडलं की दोऱ्यापाशी कागदाची चिंधी राहते. शिवण ढिली पडते. इथं चिंधी नाही आणि दोरा ताणलेला आहे. ही पानं कुणी फाडली नाहीत. ती शिवलीच नव्हती. मी तीस वर्षं उसवतेय आणि शिवतेय, एवढं मला कळतं."

भाऊसोंनी बोट घालून बघितलं. सचिवांनी बघितलं. आमच्या मालकांनीही दारातून येऊन बघितलं, फौजी माणूस, बघितल्याशिवाय मानत नाही.

"बरोबर हाय वैनी," भाऊसो नाइलाजानं म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांत जरा चमक आली. "पन मग हे पयल्या दिवशी का न्हाई सांगितलं? पयलं तुमीच वाचलं की."

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "वाचतानाच बघितलं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी विचारलं असतं की आकाराम कुठं आहे."

"कुटं हाय?"

"पुस्तकात नाही. आकाराम माझा आहे."

हे वाक्य मी घरून पाठ करून आले नव्हते. नाहीतर भर हॉलमध्ये, पाच फुटांवर नवरा उभा असताना, असं कोण बोलेल. मागं पुरुषांच्यात खसखस पिकली. लालासाहेब छतावरच्या पंख्याकडं बघत होते, एखाद्या तोफेकडं बघावं तसे. तिथंच भाऊसो म्हणाले, "म्हंजे ह्या आपल्या लेखिका," आणि पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. त्यांनी माझ्याकडून ते सगळं लेखीही घेतलं, तारीख आणि सहीसकट, आणि नूरीनवरची तक्रार 'निकाली' असा शेरा मारला.

बायका बाहेर पडल्या त्या माझ्याकडं न बघता. नूरीन टेबल आवरत होती. मी तिच्याजवळ गेले.

ती म्हणाली, "मावशी, मला एकटीला सांगितलं असतंत तरी मी ते कुणाला सांगितलं नसतं." तेवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी जेवताना मालकांनी दोन घास शांतपणे खाल्ले आणि विचारलं, "हा आकाराम कुठल्या बटालियनचा?" मी रडायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "बरं, नको सांगू."

दुसऱ्या दिवशी चौदा कार्डं परत आली. त्रेपन्नातून चौदा गेल्या, एकोणचाळीस. सगळ्यात वर रंगुबाईंचं. ब्लाऊज आले, पण पिशवीतून, कुणाच्या तरी हातानं, आणि सोबत मापाची चिठ्ठी. दाराशी थांबून कुणी काही विचारलं नाही. मी भराभर शिवत गेले. गप्प बसून काम फार लवकर होतं, हे मला तेव्हा कळलं, आणि असल्या वेगाचा मला काही उपयोग नाही, हेही.

एकतीस मार्चला मी दुपारी माडीवर जाऊन बसले. करण्यासारखं काही नव्हतं. नूरीन पुस्तकं मोजून गठ्ठे बांधत होती. दूध संस्थेचा माणूस, जयराज नावाचा, यंत्राच्या टेबलासाठी भिंतीचं माप घेत होता. टेप वाकडी धरत होता. मी तीनदा स्वतःला आवरलं आणि चौथ्यांदा उठून त्याला टेप सरळ करून दिली.

"नको मावशी, त्यांना वाकडंच घेऊ दे," नूरीन म्हणाली. पंधरा दिवसांत तिनं मला पहिल्यांदा मावशी म्हटलं असं नाही, पण पहिल्यांदा हसून म्हटलं.

जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला. रंगुबाई होत्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर, पायरीवर बसल्या, तोंड जिन्याकडं करून. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आकारामाला ताप आल्याला. तितवर सांगितलंस."

मी म्हटलं, "आत्ती, ते सगळं खोटं होतं. भाऊसोंना मी लेखी दिलंय."

"खोटं हाय ते ठाव हाय की. मी काय खुळी हाय? आमच्या माणकडं आकारामाच्या आईवानी बाई न्हवती व्हय? लय हुत्या." त्यांनी श्वास घेतला. "ताप उतरला का न्हाई तेवढं सांग. चार दिस झोप न्हाई."

"मेलेल्या माणसाला ताप कसा येईल ओ?" जयराज भिंतीकडून म्हणाला.

"मेलेला न्हाई त्यो, घरी नव्हता," रंगुबाई म्हणाल्या. "तू माप घे."

मी सांगायला तोंड उघडलं, तर नूरीननं हात वर केला. टेबलामागं जाऊन ती खुर्चीवर ताठ बसली आणि सभासद नोंदवही उघडली.

"आजी, जिन्यात बोलायला परवानगी नाही. नियम आहे. गोष्ट आत सांगितली जाईल, आणि आत बसायला सभासद व्हावं लागतं."

रंगुबाईंनी वळून तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हात टेकून उठल्या, आत आल्या, आणि वहीवर अंगठा उठवला. उठवून झाल्यावर जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक मारली, "ये अंजने, ह्यी सांगाय लागलीया. त्या सगळ्यास्नी घिऊन ये. कार्डं लागत्यात म्हनं."

चाळीस. मी नूरीनकडं बघितलं. तिनं शाईचं पॅड पुढं सरकवलं, टोपण काढून पेन हातात धरलं आणि जिन्याकडं कान दिला. खाली चपलांचा आवाज सुरू झाला होता, एकीचा, मग तिघींचा, मग मोजता येईना.

जयराजनं टेप गुंडाळली आणि बाकावर बसला. "मग? कितीवर हुता ताप?" त्यानं विचारलं.

काढा मी घरी योजून ठेवला होता. खरं तर ताप तिथल्या तिथं उतरवता आला असता. पण मी तो एकशे तीनवर नेला, कारण बायका अजून जिना चढत होत्या.